संकल्पावर पाणी सोडण्याआधी

पूजेला बसल्यावर गुरुजी उजव्या हातावर पळीभर पाणी घालतात आणि ते ताम्हनात सोडायला सांगतात. झाला संकल्प. आणि एखाद्या गोष्टीची आशा कायमची सोडली, की आपण म्हणतो, त्यावर पाणी सोडलं. आरंभाला आणि शेवटाला एकच शब्दप्रयोग वापरणाऱ्या आपल्या पूर्वजांना माणसाची चांगलीच पारख असणार.

माझं सांगतो. २०१९च्या १ जानेवारीला मी एका दमात पाच संकल्प सोडले. पहाटे पाचला उठणं, रोज तासभर जिम, साखर बंद, रात्री नऊनंतर मोबाईल बंद आणि आठवड्याला एक पुस्तक. जिमचे पैसे वर्षाचे एकदम भरले, कारण महिन्याच्या हिशेबापेक्षा ते स्वस्त पडत होतं. त्या वर्षात मी जिमला अकरा वेळा गेलो. एका खेपेला किती रुपये पडले हा भागाकार बायकोने केला होता, मी केला नाही. साखर १५ जानेवारीला परत आली. संक्रांत होती, तिळगूळ कोण नाकारणार? एक वडी खाल्ली आणि मोडलाच आहे नेम तर मोडू दे म्हणून संध्याकाळपर्यंत डबा संपवला.

बरीच वर्षं मला वाटत होतं की आपल्यात जिद्दच कमी. आता वाटतं, जिद्द होती तेवढीच होती, संकल्पाचं माप चुकलं होतं. कपडे शिवताना माप चुकलं तर आपण शिंप्याला बोलतो, अंगाला बोलत नाही. तर हा लेख माप घेण्याबद्दलचा आहे. पहिल्यांदाच स्वतःला काही शिस्त लावू पाहणाऱ्यांसाठी. उदाहरण म्हणून एकच गोष्ट शेवटपर्यंत धरतो, चहातली साखर. तुम्ही तिच्या जागी तुमचं काय ते घाला.

आजीची पद्धत

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहायची. दर वर्षी आषाढी एकादशीला ती काहीतरी धरायची आणि कार्तिकी एकादशीनंतर सोडायची. एका वर्षी वांगं वर्ज्य. एका वर्षी चहा. एका वर्षी नेम असा की ताटात एकदा पडेल तेवढंच, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. शेजारच्या काकू रोज दारात तेहतीस गोपद्मं काढायच्या. आणखी कुणी लाख वातींचा नेम घ्यायचं. आता लाख म्हटलं की छाती दडपते, पण चातुर्मासाचे साधारण १२० दिवस धरले तर दिवसाला साडेआठशेच्या आत येतं, आणि बायका गप्पा मारता मारता कापूस वळत शंभराच्या जुड्या बांधून डब्यात टाकत. लाखाचा विचार कुणी रोज करत नसे. आजची जुडी झाली का, एवढंच.

मी फारसा देवभोळा नाही. उपासतापास करा असं सांगायला बसलेलो नाही. पण या नेमांची घडण फार शहाणपणाची आहे. एका वेळी एकच गोष्ट. ती झाली की नाही हे शेजारणीलाही कळेल इतकी उघड. आरंभाची तारीख ठरलेली, शेवटाचीही ठरलेली. आजारपणात सूट कुठे हे आधीच माहीत. आणि शेवटी उद्यापन, म्हणजे झाल्याचा सोहळा. माझ्या पाच संकल्पांत यातलं एकही नव्हतं. ‘साखर बंद’ यात कुठली साखर, कुठवर, कधीपर्यंत, काहीच नाही. त्यातून ‘बंद’ हा शब्द इतका कडक की एक तिळाची वडी त्याला पुरली.

आधी आठवडाभर नुसतं मोजा

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती. काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. मोबाईलवर लिहा, वहीत लिहा, गॅसच्या ओट्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहा.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ‘चहात दोन चमचे, दिवसाला तीनेक कप.’ आठवडाभर लिहिल्यावर निघाले पाच कप. तीन घरचे, दोन ऑफिसच्या यंत्रातले. आणि चमच्याची तर वेगळीच गंमत. एका रविवारी बायकोच्या केकच्या वजनकाट्यावर वाटी ठेवून आमच्या साखरेच्या डब्यातला चमचा, जसा रोज भरतो तसाच भरून, ओतला. आठ ग्रॅम. पुन्हा भरला, वरचा डोंगर सुरीच्या पाठीने सपाट केला, ओतला. चार ग्रॅमच्या जरा वर. म्हणजे मी ज्याला दोन चमचे म्हणत होतो ते खरे चार होते. घरच्या तीन कपांतच ४८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा, दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी, वरून घातलेल्या सगळ्या साखरेची मिळून ५० ग्रॅम आहे, आणि २५च्या आत ठेवलीत तर अधिक चांगलं असं ती म्हणते. माझी बिस्किटं, ऑफिसच्या यंत्रातला चहा आणि शनिवारची जिलबी अजून हिशेबात आलीच नव्हती.

मोजल्याने दोन गोष्टी होतात. आपण नक्की कुठे उभे आहोत ते कळतं. आणि अनेकदा दुरुस्तीची जागाही दिसते. माझी तिथे चमच्याच्या डोंगरात होती. मोबाईल मोजणाऱ्यांना असं दिसतं की तीन तासांतले दोन तास झोपण्यापूर्वीच्या अंथरुणातले आहेत. खर्च मोजणाऱ्याला दिसतं की पैसे मोठ्या खरेदीत जात नाहीत, रोजच्या घरपोच जेवणात जातात.

आठवडा पुरतो. त्याहून जास्त दिवस मोजत बसलात तर मोजणं हीच टाळाटाळ होते.

एकच निवडा, आणि कामाच्या भाषेत लिहा

आता यादी करा, मनात येईल ते सगळं लिहा आणि एक सोडून बाकी सगळं खोडा. वाईट वाटेल. पण पाच दरवाजे एकदम ढकलणाऱ्याचा जोर पाचांत वाटला जातो. सर्वांत महत्त्वाचं निवडा असं मी म्हणणार नाही, पहिल्या खेपेला जे रोज घडतं आणि जे तुमच्या हातात आहे ते निवडा. रोज घडणाऱ्या गोष्टीचा सराव रोज होतो. महिन्यातून एकदा घडणाऱ्या गोष्टीचा नेम नवशिक्याला धरता येत नाही, विसरला जातो.

निवडलेली गोष्ट बहुधा फळाच्या रूपात असते. ‘दहा किलो वजन उतरवणार.’ वजनकाट्याला आपण सांगू शकत नाही. ‘रात्री जेवण झाल्यावर सोसायटीला दोन फेऱ्या’ हे पायांना सांगू शकतो. तसंच ‘इंग्रजी सुधारणार’च्या जागी ‘सकाळी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोठ्याने वाचणार’. ‘पैसे साठवणार’च्या जागी ‘पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हजार रुपये आवर्ती ठेवीत’, आणि ते बँकेतून आपोआप वळते करून ठेवलेत तर नेम बँकच पाळते. स्पर्धा परीक्षेवाल्यांचं ‘यंदा पोस्ट काढणार’ हे तर पूर्ण आयोगाच्या हातात. तुमच्या हातात काय, तर नाश्त्याआधी जुन्या प्रश्नपत्रिकेतले दहा प्रश्न.

एक कसोटी सांगतो. रात्री झोपताना ‘आज झालं का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता आलं पाहिजे. ‘तसं बऱ्यापैकी’ असं उत्तर येत असेल तर वाक्य पुन्हा लिहा.

वाईट दिवसाचं माप

माझ्या मते सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

संकल्प आपण नेहमी चांगल्या दिवशी करतो. रविवारची सकाळ, पोट भरलेलं, हवा छान, घरात शांतता. अशा वेळी ‘रोज पहाटे पाच किलोमीटर’ अगदी सहज वाटतं. पण तो पाळायचा असतो त्या मंगळवारी, ज्या दिवशी मुलाला ताप आहे, कामवाल्या मावशी आल्या नाहीत, पाऊस कोसळतोय, साहेबांचा फोन आलाय आणि रात्री झोप चार तास झाली आहे. नेम त्या मंगळवारच्या मापाने शिवायचा. गेल्या महिन्यातला तुमचा सर्वांत रद्दड दिवस आठवा, तारखेसकट. त्या दिवशीही हे झालं असतं का? नसतं, तर निम्मं करा. पुन्हा विचारा. पुन्हा निम्मं.

माझं असं करत करत जे उरलं ते इतकं छोटं होतं की घरात हसले. ‘घरच्या चहात दोनच चमचे साखर, पण सपाट.’ बस्स. कप कमी नाहीत, बिस्किटं बंद नाहीत, ऑफिसच्या यंत्राला हात नाही.

‘ह्याला नेम म्हणतात?’ आई म्हणाली. ‘मग मीपण आजपासून श्वास घ्यायचा नेम धरते.’

हसू द्या. नेम पाहून घरचे हसले नाहीत तर तो बहुधा मोठा आहे. आणि हिशेब बघा, तीन कपांतली ४८ ग्रॅमची साखर त्या हसण्यासारख्या नेमाने २६च्या आसपास आली, पहिल्याच दिवशी, आणि चहा काही फार बिघडला नाही.

इथे एक शंका हमखास येते. इतकं छोटं करून उपयोग काय? दोन फेऱ्यांनी कुणाचं वजन उतरतं? खरं आहे, नाही उतरत. पहिल्या महिन्यात आपण वजन उतरवत नसतोच. आपण रोज त्या वेळेला चपला घालून खाली उतरणारा माणूस घडवत असतो. फेऱ्या मागाहून वाढवता येतात. खाली उतरलेलाच नाही त्याच्या काय वाढवणार?

संकल्पात गुरुजी काय काय म्हणतात ते आठवा

गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, देश, नदीचा तीर, करणाऱ्याचं नाव आणि गोत्र, सगळं उच्चारून मग ‘अमुक कर्म करीन’ म्हणतात. लहानपणी ते कंटाळवाणं वाटायचं. कुठे, कधी, कोण, काय, यातलं काहीही मोघम ठेवलेलं नाही हे उशिरा लक्षात आलं.

पीटर गोलविट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ याच गोष्टीचा अभ्यास करत होते. १९९९ साली त्यांनी मांडलं की ‘मी हे करणार’ एवढंच म्हणणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं जर-तरच्या भाषेत ठरवणारे लोक ठरवलेलं अधिक वेळा पार पाडतात. कारण साधं आहे. वेळ आली की विचार करावा लागत नाही, प्रसंगच आठवण करून देतो.

तेव्हा तुमच्या नेमाला घरातला एखादा रोजचा खुंटा शोधा. घड्याळातली वेळ तितकी पक्की नसते, रोज घडणारी गोष्ट पक्की असते. कुकर लावला की. दूध तापवायला ठेवलं की. रिक्षातून मुलं शाळेला गेली की. देवापुढे दिवा लावला की. रात्री बाहेरच्या दाराला कडी घातली की. त्या ‘की’च्या पुढे तुमचं काम जोडा आणि पूर्ण वाक्य कागदावर लिहून ती गोष्ट घडते तिथेच चिकटवा. माझं वाक्य साखरेच्या डब्याच्या झाकणावर होतं, ‘डबा उघडला की सुरीने सपाट.’ सुरी डब्याशेजारी. एवढं पुरलं.

वाटेतले दगड

अडचणी आधी शोधून ठेवायच्या, आणि त्यांतली निम्मी माणसं असतात.

चालायला जायचं असेल तर बूट-मोजे रात्रीच दाराशी. अंथरुणात मोबाईल नको असेल तर चार्जर दिवाणखान्यात, आणि गजराला शंभर-दोनशे रुपयांचं साधं घड्याळ. फरसाणाचा डबा समोरच्या फळीवरून माळ्यावर. हे सगळे सांगतात आणि बरोबर सांगतात, त्यावर अधिक बोलत नाही.

माणसांचं मात्र अवघड. मराठी घरात चहाची साखर कपात पडत नाही, आधणात पडते. चार जणांचा चहा एकाच पातेल्यात, साखर आईच्या हाताने, तीही नजरेच्या मापाने. माझी सुरी तिथे काय करणार? मी सुचवलं की चहा बिनसाखरेचा उकळू आणि ज्याची त्याने कपात घेऊ.

‘अरे, बिनसाखरेचं उकळलं तर तो चहा नाही, काढा होतो,’ आई म्हणाली. ‘आणि वरून घातलेली साखर मिसळते थोडीच. तुला कमी हवी तर तुझा तू कर.’

वाद घालण्यात अर्थ नव्हता, चवीच्या बाबतीत तिचं बरोबर होतं. शेवटी एका कपाचं छोटं पातेलं शोधलं, ज्यात पूर्वी बाळाचं दूध गरम व्हायचं. माझा चहा मी करायचा, पातेलं मी घासायचं. झालं असं की स्वतः करायचा आणि घासायचं म्हटल्यावर संध्याकाळचा चहा आठवड्यातून दोनतीनदा आपोआप टळू लागला. हे ठरवलेलं नव्हतं, फुकटात मिळालं.

तर घरच्यांना सुधारायला जाऊ नका. तुमचा नेम, तुमचं पातेलं. त्यांना एवढंच सांगा की काय धरलंय आणि कुठल्या तारखेपर्यंत. तारीख सांगितली की विरोध निम्मा होतो. ‘कार्तिकीपर्यंतच आहे’ म्हटल्यावर आग्रह करणारी मावशीही गप्प बसते. ‘मी आता गोड खात नाही’ म्हटलं की तीच मावशी ताटात दोन जिलब्या जास्त वाढते.

बाहेर पाहुण्यांकडे काय? तिथे मिळेल तसा चहा प्यायचा असं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. कुणाच्या घरी जाऊन ‘मला सपाट चमचा’ म्हणणारा माणूस पुन्हा बोलावला जात नाही.

किती दिवस?

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे तुम्ही ऐकलं असेल. त्याचा उगम बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनकडे जातो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात असं निरीक्षण त्यांनी १९६० साली लिहिलं. त्यातलं ‘निदान’ पुढे गळून पडलं आणि चेहऱ्याचं चालण्याला, उठण्याला, कशालाही लागू झालं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक छोटी सवय निवडायला सांगून १२ आठवडे त्यांच्याकडून नोंदी घेतल्या. गोष्ट आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस निघाले. पण कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पेलाभर पाणी पिण्यासारख्या सवयी लवकर बसल्या, व्यायामाच्या उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यांना दिसलं.

म्हणजे एकवीस दिवस थोडे पडतात आणि ‘आयुष्यभर’ म्हटलं तर अंगावर येतं. चार महिने हे माप मला सर्वांत सोयीचं वाटतं. २०२४ साली आषाढी १७ जुलैला होती, कार्तिकी १२ नोव्हेंबरला. दोन्ही दिवस धरून ११९ दिवस. मी तेच धरले. तुम्ही आषाढीची वाट पाहू नका, आजची तारीख लिहा आणि चार महिन्यांनंतरची लिहा. मात्र मधल्या काळात कोणते सण, लग्नं, परीक्षा, गावची जत्रा येते ते कॅलेंडरवर आत्ताच बघा. माझ्या ११९ दिवसांत नारळी पौर्णिमा, गणपती, नवरात्र आणि दिवाळी, सगळंच होतं.

खाडे

आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात. दूध आलं नाही त्या तारखेवर फुली, महिनाअखेरीला तेवढे दिवस वजा. दूधवाल्यावर कुणी चिडत नाही आणि दोन खाडे झाले म्हणून कुणी दूध बंदही करत नाही. मी माझा नेम त्याच कॅलेंडरवर, त्याच पेनने मांडू लागलो. पाळला तर काही नाही, चुकला तर तारखेच्या कोपऱ्यात ‘सा’. पाळलेल्या दिवशी बरोबरची खूण करणारे बरेच असतात. मला खाडा मांडणं सोपं पडलं, कारण रोज पेन शोधावं लागत नाही.

खाड्यांचे तीन नियम केले होते. ठरवलेली सूट हा खाडा नाही: पाहुण्यांकडचा चहा, प्रवास, आजारपण. जुनी माणसं याला आपद्धर्म म्हणायची. सूट आधी लिहिलेली असली पाहिजे, ऐनवेळी सुचलेली सूट म्हणजे खाडाच. दुसरा नियम, लागोपाठ दोन खाडे नाहीत. एक चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी मात्र काही झालं तरी पाळायचा. तिसरा, भरपाई नाही. काल चुकलं म्हणून आज बिनसाखरेचा, काल चाललो नाही म्हणून आज दुप्पट, असं करायचं नाही. दंड भरायला लागला की माणूस नेमाला सावकार समजतो आणि तोंड चुकवायला लागतो.

गणपतीत माझा दुसरा नियम मोडला. ७ सप्टेंबरला गणपती बसले, घरात माणसंच माणसं, चहाचं मोठं पातेलं दिवसभर गॅसवर. माझं छोटं पातेलं कुणीतरी फोडणीला वापरलं होतं. पाच दिवस ओळीने ‘सा’. २०१९ असतं तर मी तिथेच पाणी सोडलं असतं. या वेळी विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी पातेलं घासलं, त्याला अजून मोहरीचा वास येत होता, त्यातच चहा केला. वाईट लागला. पण सपाट चमच्यांचा होता.

तुमचे खाडे महिन्यात सात-आठच्या वर जात असतील तर स्वतःला शिव्या घालण्याआधी माप बघा. नेम मोठा आहे किंवा खुंटा चुकीचा आहे. वाक्य बदला, तारीख तीच ठेवा.

कधी वाढवायचं

पंधरा दिवसांत एकही खाडा नसेल, किंवा फार तर एकच असेल, तर एक पायरी वर. तेवढंच. मी नारळी पौर्णिमेनंतर दोन सपाट चमच्यांचा दीड केला, गणपती आटोपल्यावर नेमाची घडी पुन्हा बसायला वेळ दिला आणि नवरात्रात एकावर आलो. अर्ध्यावर यायचा प्रयत्न केला, चहा आवडेना, एकावर परत गेलो. परत जाणं हाही एक निर्णयच असतो, तो कॅलेंडरवर लिहून टाका.

चालणाऱ्यांसाठी हाच हिशेब: दहा मिनिटांनी सुरू करून दर पंधरवड्याला पाच मिनिटं वाढवली तर दोन महिन्यांत अर्ध्या तासावर येता. आठवड्यातून पाच दिवस तेवढं झपझप चाललात की १५० मिनिटं होतात, आणि प्रौढ माणसाने आठवड्याला निदान एवढी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिमचे वर्षाचे पैसे भरण्याची गरज नाही. भरायचेच असतील तर महिन्याचे भरा, महाग पडले तरी.

दुसरा नेम पहिला संपेपर्यंत नको. सहाव्या आठवड्यात फार हुरूप येतो, आपण काहीही करू शकतो असं वाटतं आणि हात शिवशिवतात. त्या वेळी २०१९चं माझं जिम आठवा.

हे सगळं कुठे चालत नाही

चहातली साखर, चालणं, मोबाईल, वाचन, बचत इथवर ही पद्धत ठीक. दारूच्या व्यसनाला ही लावू नका. खूप दिवस रोज दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर थरथर, फिट, भ्रम इथपर्यंत जाऊ शकतं आणि जिवावरही बेततं, तिथे डॉक्टर लागतातच. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हेच काम करत आहे आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही विचारता येतं. तंबाखू, गुटखा, मशेरी सोडायची असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर खाण्याच्या वेळा आणि प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, रक्तातली साखर अचानक खाली जाऊ शकते. आणि सकाळी उठणंच नको वाटत असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर ते शिस्तीचं काम नाही. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

उद्यापन

शेवटच्या दिवशी काहीतरी करा. आपल्याकडे उद्यापनाला जेवण घालतात, तुम्ही मित्राला मिसळ खायला न्या. आणि हिशेब लिहा. माझा असा निघाला: ११९ दिवस, १४ खाडे, त्यातले पाच गणपतीतले आणि तीन दिवाळीतले. घरच्या चहातली साखर ४८ ग्रॅमवरून तेराच्या आत, आणि संध्याकाळचा कप टळतो त्या दिवशी आणखी कमी. वजनात म्हणावा असा फरक नाही, मीही त्यासाठी धरलं नव्हतं. ऑफिसच्या यंत्राचं अजून काही केलेलं नाही.

मग तीन पर्याय असतात: नेम सोडणं, तसाच चालू ठेवणं, किंवा त्याच्या जागी नवा धरणं. लगेच ठरवू नका, आठवडाभर मोकळे राहा आणि हात आपोआप काय करतात ते बघा.

१३ नोव्हेंबरला, कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आईने माझाही चहा मोठ्या पातेल्यात टाकला. आलं, गवती चहा, आणि तिच्या हातची साखर. छान झाला होता. मी अख्खा कप प्यायलो, बशीत ओतून.

‘संपलं ना तुझं?’ तिने विचारलं. ‘मग ते छोटं पातेलं आता माळ्यावर टाकू?’

‘राहू दे गं खालीच,’ म्हटलं. ‘संध्याकाळी लागेल.’